माया किती सोडली आहे, ते बघा

मी ठाण्यात ब्लाऊज शिवते, ३१ वर्षं झाली. महिन्यातून एकदा अस्तराचं कापड आणि टू बाय टू रुबिया आणायला मंगलदास मार्केटला जाते. खरेदी उरकली की पिशव्या घेऊन तशीच चालत काळा घोड्याला, चित्रं बघायला. २०१९ पासूनचा हा नेम आहे, मध्ये टाळेबंदीत खंड पडला तेवढाच. माझ्या एका गिऱ्हाइकाने, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंनी, मला पहिल्यांदा तिथे नेलं. आता आमच्याच इमारतीतली एक मुलगी विचारते, "काकू, त्या चित्रांतलं तुम्हाला कळतं कसं?" तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. निसर्गचित्रांचं हे नव्हे. आपल्याकडे गेल्या साठ-सत्तर वर्षांत माणसांची, त्यांच्या नात्यांची, मनात चाललेल्या गोष्टींची जी चित्रं झाली, त्यांच्यापुरतं.

आधी एक शब्द समजून घ्या. शिवणात 'माया' म्हणजे शिलाईच्या आत राखून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाई अंगाने भरली की टीप उसवायची आणि माया सोडायची, ब्लाऊज पुन्हा होतो. माया न ठेवता शिवलेला ब्लाऊज पहिल्या दिवशी अंगावर फार सुरेख बसतो आणि वर्षा-दोन वर्षांत कपाटाच्या तळाशी जातो. चित्रात दोन माणसं दिसली की मी सगळ्यात आधी त्यांच्यामधली जागा बघते. ती किती आहे, कशाने भरली आहे, तिथून कोणाला हलता येईल का. 'या चित्राचा अर्थ काय' हा प्रश्न घेऊन उभं राहिलात तर पाच मिनिटांत थकाल. 'या दोघांत माया किती ठेवली आहे' असं विचारा. याचं उत्तर डोळ्यांना सापडतं, त्यासाठी कुठला कोर्स करावा लागत नाही.

जायचं कधी, ते सांगते. रविवारी मार्केट बंद, सोमवारी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद, म्हणून मी बुधवार धरते. जहांगीर आर्ट गॅलरीत मंगळवारी नवी प्रदर्शनं लागतात, बुधवारी दुपारी गर्दी नसते आणि चित्रकार बऱ्याचदा स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. तिथे प्रवेश फुकट. संग्रहालयाला मी गेले तेव्हा २० रुपये तिकीट होतं. खाजगी गॅलऱ्यांची दारं बंद दिसतात, पण बेल वाजवली की उघडतात, आणि चित्र विकत घेणार का असं कोणी विचारत नाही. माझ्या हातात कापडाच्या दोन पिशव्या असतात, त्या दाराशी ठेवून घेतात. इतकंच. साडी कुठली, चप्पल कुठली, हा विचार करून घरी बसलेल्या बायका मला ठाऊक आहेत. बसू नका.

एका खेपेला चारच चित्रं. हे मी चुकून शिकले. सुधीर पटवर्धनांचं 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' हे मोठं प्रदर्शन २०१९च्या शेवटी संग्रहालयात लागलं होतं. आमच्या ठाण्यातले डॉक्टर म्हणून मी हौसेने गेले आणि सगळे मजले एका दमात चढले. बाहेर आले तेव्हा डोकं ठणकत होतं आणि एकही चेहरा आठवत नव्हता. पुढच्या महिन्यात पुन्हा गेले आणि एकाच मजल्यावर थांबले, तेव्हा ती माणसं माझ्याशी बोलायला लागली. पटवर्धन १९७५ ते २००५ क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून ठाण्यात काम करत होते. दिवसभर माणसाच्या आतली हाडं बघायची आणि उरलेल्या वेळात त्याचं बाहेरचं अंग रंगवायचं. त्यांच्या 'ट्रेन' (१९८०) किंवा 'लोअर परळ' (२००१) मधली माणसं वजनदार असतात. लोकलच्या डब्यात, पुलावर, इतकी जवळ की अंगाला अंग लागावं, आणि तरी प्रत्येक जण आपापल्या आत. जवळ असणं आणि जवळचं असणं यातला फरक मला त्या भिंतीसमोर दिसला. रोजच्या ८.१२च्या गाडीत तो मी कधी बघितला नव्हता.

चित्रासमोर उभं राहिलात की शेजारची पाटी वाचू नका. खांदे बघा. माप घेताना बाई तोंडाने "सगळं छान आहे" म्हणते, पण टेप खांद्यावर ठेवला की कळतं. एक खांदा उतरलेला असतो, श्वास रोखलेला असतो. खांदा खोटं बोलत नाही. मग हात. कुठे आहेत, उघडे आहेत की मिटलेले, दुसऱ्याला टेकले आहेत की टेकल्यासारखे दाखवले आहेत. हाताची जागा ही किती मोठी गोष्ट आहे हे अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' या चित्रावरून समजेल. १९५४ साली जहांगीरमध्येच ते लागलं होतं. पुरुषाचा हात बाईच्या छातीवर आहे म्हणून पोलिसांनी ते काढायला सांगितलं. पदमसींनी नकार दिला, खटला लढवला आणि जिंकला. मी त्याचं छापील रूप बघितलं आहे. त्या हातात मला हाव दिसली नाही. शिवताना कापड सरकू नये म्हणून आपण हात ठेवतो ना, तसा तो ठेवलेला वाटला.

त्यानंतर नजर. कोण कोणाकडे बघतंय, आणि कोण कोणाकडेच बघत नाही. भूपेन खख्खर बडोद्याचे, पेशाने हिशेबनीस. त्यांचं 'यू कान्ट प्लीज ऑल' हे १९८१चं चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गच्चीच्या कठड्याशी एक उघडा माणूस पाठमोरा उभा आहे आणि खाली बाप, मुलगा आणि गाढव यांची आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट चालली आहे. सगळ्यांचं ऐकायला गेलं की गाढवही जातं, ती गोष्ट. तो माणूस म्हणजे खख्खर स्वतः. पुरुषांवरचं आपलं प्रेम त्यांनी पुष्कळ वर्षं मनात ठेवलं होतं, आणि याच सुमाराला ते चित्रांतून उघड बोलायला लागले. त्या गच्चीपासून खालच्या रस्त्यापर्यंतची जागा बोटाने मोजा. जगाला किती लांबून बघत राहावं लागलं, ते तिथे दिसेल.

आता कापड. हे माझं खास आहे, पण तुम्हीही करा. कपडा अंगाला चिकटलाय की अंगापासून सुटलाय? जोगेन चौधुरींची माणसं बघा. शाईच्या बारीक आडव्या-उभ्या रेघांनी काढलेली, सैल पडलेली कातडी, लोंबणारे दंड. नवरा-बायको शेजारी असतात आणि त्यांची शरीरंच जुन्या कपड्यासारखी ढगळ झालेली. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते किळसवाणं वाटलं, हे खरं सांगते. मग लक्षात आलं की माझ्याकडे साठीच्या बायका मापाला येतात तेव्हा मी याच शरीरांना हात लावते आणि मला कधीच किळस येत नाही. मग तिथे का यावी? चौधुरी दिल्लीला राष्ट्रपती भवनात जाण्याआधी मद्रासला हातमागाच्या सरकारी विणकर सेवा केंद्रात काम करत होते. चित्रकार अर्पिता सिंगही दुसऱ्या शहरातल्या अशाच विणकर सेवा केंद्रात होत्या, आणि आपले नागावचे चित्रकार प्रभाकर बरवेही. हातमागाशेजारी बसलेली ही तीन माणसं. मला वाटतं, धागा कुठे ताणलाय आणि कुठे सैल सोडलाय, हे त्यांच्या बोटांना आयुष्यभर आठवत राहिलं असणार.

अर्पिता सिंग यांचं 'माय मदर' (१९९३) हे चित्र मिळेल तिथे बघा. पांढऱ्या साडीतली म्हातारी आई पुढे, मोठी, गप्प उभी आहे. मागे रस्त्यावर मारलेली माणसं, गणवेशातली माणसं, सगळा धुमाकूळ. आई आणि तो रस्ता यांच्यामध्ये मायाच नाही, एकाला एक लागून. घरातलं आणि बाहेरचं असं वेगळं काही उरलेलंच नाही. १९९३च्या जानेवारीत, मुंबईतल्या दंगलीच्या दिवसांत, माझी आई खिडकीशी अशीच उभी राहायची, हातात काहीही काम न घेता, भाऊ घरी येईपर्यंत. चित्र बघताना मला ती आठवली आणि मी तिला आठवू दिलं. ही कृती मी शिकवायलाच हवी, कारण बहुतेक जण इथे घाबरतात. चित्रासमोर आपलं माणूस आठवलं की आपण म्हणतो, आपलं लक्ष उडालं. उडालेलं नसतं, ते योग्य जागी पोचलेलं असतं. त्या माणसाला दोन मिनिटं तिथेच उभं राहू द्या आणि मग पुन्हा चित्राकडे बघा. तुमची आई वेगळी कुठे आहे, ते शोधा. नाहीतर चित्र नुसतं निमित्त होऊन जातं.

आता पाटी वाचा. आधी बघून मग वाचलं की पाटी तुमच्या बघण्यात भर घालते.

काही चित्रं एकेकटी बघायची नसतात. नीलिमा शेख यांची 'व्हेन चंपा ग्रू अप' ही १९८४ची मालिका १२ छोट्या चित्रांची आहे, हातकागदावर टेंपेरा रंगांत. शेजारची ओळखीची मुलगी. आधी सायकलवर, मग लग्न, सासर, स्वयंपाकघर आणि जाळून मारणं. ही पोथीसारखी पानापानाने बघा आणि प्रत्येक चित्रात चंपाभोवतीची मोकळी जागा कशी कमी होत जाते तेवढंच बघा. माझ्याकडे लग्नाचे ब्लाऊज शिवायला मुली येतात. ती मालिका बघितल्यावर मी मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो त्या गोलात, माया थोडी जास्तच ठेवायला लागले, आणि जाताना प्रत्येकीला सांगते, उसवायचं झालं तर माझ्याकडेच ये.

चेहराच दिसत नसेल तर? गौरी गिल यांची 'अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स' ही छायाचित्रं पालघर जिल्ह्यातल्या जव्हारची आहेत. बोहाडा म्हणजे तिथल्या आदिवासींचा मुखवटे घालून नाचायचा उत्सव. त्याचे मुखवटे बनवणारे भगवान आणि सुभाष धर्मा कडू हे भाऊ आणि त्यांच्या गावची माणसं यांच्यासोबत २०१५ पासून केलेली. मुखवटे मात्र देवादिकांचे नाहीत. आजारी माणूस, म्हातारी, प्राणी, असे. ते घालून माणसं रोजच्या जागी रोजचीच कामं करत बसली आहेत. चेहरा झाकला की उरतात खांदे आणि हात. वर सांगितलेला सराव इथे सगळ्यात चांगला होतो.

आणि माणूसच नसेल तर? बरव्यांच्या चित्रांत पान, घड्याळ, टाचणी अशा वस्तू असतात, एकमेकींपासून दूर, मधे भरपूर रिकामी जागा. २०१९ मध्ये संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन होतं. माझं पहिलंच. चित्रांसोबत त्यांच्या डायऱ्याही ठेवल्या होत्या. घरात एकटं असताना वस्तू कशा आपल्याकडे बघतात ते आठवा, मग ती चित्रं बघा. शीला गौडा यांचं 'अँड टेल हिम ऑफ माय पेन' (१९९८) तर नुसता दोरा आहे. सुईच्या नेढ्यातून ओढून घेतलेला, कुंकवाने लाल केलेला, अनेक पदरांचा एक जाड दोर करून भिंतीवर आणि जमिनीवर सोडलेला, टोकाला सुयांचा झुबका. कोणी बाई दिसत नाही. पण नेढ्यातून एवढा दोरा ओढायचा म्हणजे किती वेळा बोट टोचलं असेल आणि किती वेळ कोणाशी न बोलता बसावं लागलं असेल, ते मला कोणी सांगायला नको. त्याचा फोटो माझ्या मशीनसमोर लावला आहे. अशा वेळी हे करणाऱ्याच्या हाताला काय काय झालं असेल, तिथून सुरुवात करा.

घरी आल्यावर त्याच रात्री वहीत चित्रातल्या माणसांच्या नुसत्या आकृत्या काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल, खडूने कापडावर खुणा करतो तशा. दोन लंबगोल आणि मधली जागा. शेजारी तारीख, आणि कोण आठवलं त्याचं नाव.

माझ्या वहीत एका नावासमोर सहा वेळा तारीख आहे. आईच्या पाटल्यांवरून ताई आणि मी चार वर्षं बोलत नव्हतो. जहांगीरमध्ये एका तरुण मुलीचं चित्र होतं. दोन बायका परातीत मटार सोलताहेत, दोघी खाली बघताहेत, पण एकीच्या पायाचे अंगठे दाराकडे वळलेले. मी अर्धा तास तिथे होते. घरी येऊन ताईला फोन केला, पाटल्यांचं काही काढलं नाही, बुधवारी येतेस का एवढंच विचारलं.

कोणाला सोबत न्यायचं असेल तर एक पाळा. एकाच चित्रासमोर दोघी उभ्या राहू नका. आपापलं चित्र निवडा, मग जागा बदला, आणि चहा होईपर्यंत बोलू नका. "काय वाटलं?" असं तर मुळीच विचारू नका. ताई एका चित्रासमोर इतका वेळ उभी होती की माझी चारही बघून झाली. मी विचारलं नाही. परतीच्या गाडीत घाटकोपर गेल्यावर ती आपणहून म्हणाली, "त्या म्हातारीच्या हातात काहीच नव्हतं गं." आणि माझ्या मांडीवरची कापडाची पिशवी उचलून तिने स्वतःच्या मांडीवर घेतली.