अडखळत बोलणाऱ्या मुलासाठी ठेका: घरी कसा वापरावा, कुठे थांबावं

"गाणं म्हणताना एकदाही अडत नाही, मग बोलतानाच का अडतो? मुद्दाम करतो का?" साताऱ्यात मी स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करते आणि हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक आईबाबांकडून ऐकायला मिळतो. मुद्दाम कोणतंच मूल अडखळत नाही. पण गाण्याची गोष्ट त्यांनी बरोबर हेरलेली असते, आणि घरी काय करायचं याची सुरुवात तिथूनच होते.

आधी थोडं मेंदूबद्दल. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात सू-उन चांग, डेव्हिन मॅकॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 6 ते 11 वर्षांच्या मुलांना ठेके ऐकवले. एक ठेका दोनदा वाजायचा, तिसऱ्यांदा तोच किंवा थोडा बदललेला. मुलानं "तोच" की "वेगळा" एवढंच सांगायचं. 2015 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात अडखळणाऱ्या मुलांना फरक ओळखणं सरासरीनं जास्त जड गेलं. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात एमआरआयची जोड होती. मेंदूत खोलवर प्युटामेन नावाचा भाग असतो. ऐकण्याच्या आणि हालचाली आखण्याच्या भागांशी जुळवून घेत तो वेळेचं भान ठेवायला मदत करतो. न अडखळणाऱ्या मुलांमध्ये या भागांचा आपसातला मेळ आणि ठेक्याची जाण यांचा संबंध दिसला. अडखळणाऱ्या मुलांमध्ये तसा दिसला नाही.

लेझीम पथकात हलगी वाजत असली की नवख्याचे पायही बरोबर पडतात. बोलताना मात्र बाहेर हलगी नसते. पुढचं अक्षर नेमकं कधी सुरू करायचं हा इशारा आतूनच यावा लागतो, आणि या मुलांमध्ये तो इशारा डळमळतो, असं मानायला बरीच जागा आहे. गाण्यात, एका सुरात म्हणताना किंवा मेट्रोनोमच्या (ठरावीक वेगानं टिकटिक करणाऱ्या यंत्राच्या) ठोक्यावर बोलताना इशारा बाहेरून मिळतो आणि जीभ मोकळी होते. म्हणून कृपा करून "तू ओरडतेस म्हणून असा बोलतो" असं त्याच्या आईला कुणी ऐकवू नका.

आता घरी काय करायचं. सगळ्यात सोपं म्हणजे सोबत म्हणणं. संध्याकाळचं शुभंकरोती, पाढे, शाळेची कविता, काहीही चालेल. अट एकच, मुलाबरोबर मोठ्या माणसानं शेवटपर्यंत म्हणायचं. "आता तू एकटा म्हणून दाखव" हे वाक्य नको. आजी समोर बसली की हे हमखास होतं, आणि मघाशी मोकळं बोलणारं मूल पुन्हा अडतं.

दुसरं, अक्षरागणिक बोलणं. ऑस्ट्रेलियातली वेस्टमीड पद्धत लहान मुलांसाठी यावरच उभी आहे. प्रत्येक तुकड्याला सारखा वेळ द्यायचा: म-ला-शा-ळेत-जाय-चंय. इथे बरेच पालक वहीतली अक्षरं मोजायला लागतात. तसं करू नका. "शाळेत" हा शब्द लिहिताना तीन अक्षरी, पण तोंडात त्याचे दोनच तुकडे पडतात, शा आणि ळेत. ठेका त्या तुकड्यांवर धरायचा. वेग नेहमीच्या जवळपास ठेवा. फार ओढून बोललात तर मूल कंटाळतं, आणि त्याच्या भावाला चिडवायला निमित्त मिळतं. आधी तुम्ही स्वतः असं बोला, "आज-डब्-यात-काय-होतं", आणि त्यानं त्याच चालीत उत्तर दिलं की कौतुक करा. एका वेळी पाच-दहा मिनिटं, दिवसातून काही वेळा, खेळताना किंवा भाजी निवडताना. हे थेरपिस्टकडून एकदा समोरासमोर शिकून घ्यावं, कारण कागदावरून चाल कळत नाही.

यात एक धोका आहे आणि त्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. माझ्याकडे येणारा एक मुलगा प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारायचा. घरी कुणीतरी शिकवलं होतं आणि सुरुवातीला छान चाललं. मग "मला" म्हणताना ओठ मिटून घट्ट बसले की थाप जोरात पडायची, मान झटकली जायची, आणि तरी "म" सुटायचा नाही. थाप ठेक्यासाठी उरलीच नव्हती, ती शब्द बाहेर ढकलायचं हत्यार झाली होती. अशी सवय अडखळण्यापेक्षाही जास्त डोळ्यांत भरते आणि सोडवायला वेळ लागतो. बोलताना ठेका आवाजात ठेवा, हातात नको. मेट्रोनोमचं ॲपही दिवसभर लावून ठेवू नका. टिकटिक थांबली की फायदा बहुधा तिथेच संपतो.

टाळ्यांचे खेळ खुशाल खेळा. स्टीलच्या डब्यावर एक ठेका दोनदा वाजवा, तिसऱ्यांदा बदला, आणि "तोच की वेगळा?" विचारा. मुलं यात रमतात. पण ही परीक्षा नव्हे. संशोधनातले आकडे गटाच्या सरासरीचे आहेत. अडखळणारी कितीतरी मुलं तबल्यावर तीनताल सफाईनं वाजवतात. आणि टाळ्यांच्या खेळानं बोलणं सुधारतं असा शब्द मी कुणाला देत नाही.

वेखंड चाटवणं, जिभेखालचा पडदा कापून घेणं, तोंडात खडे धरणं यांनी अडखळणं जात नाही. "सावकाश बोल, श्वास घे" यानंही नाही. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा, मधेच शब्द पुरवू नका.

अडखळणं बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि चारांपैकी साधारण तीन मुलांचं आपोआप थांबतं. कुणाचं थांबेल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. अडखळणं सुरू होऊन सहा महिने उलटले, घरात कुणाला हा त्रास होता, किंवा मूल जोर लावतंय, बोलणं टाळतंय असं दिसलं, तर वाट न बघता दाखवा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातही स्पीच थेरपीची चौकशी करा.

शाळेत बाईंना एकच विनंती करा: प्रकट वाचनाला त्याला एकटं उभं करू नका, शेजारच्या मुलाबरोबर जोडीनं वाचू द्या. वर्गातल्या सगळ्यांनाच जोडीनं वाचायला लावलं तर आणखी बरं, मग तो वेगळा पडत नाही.