स्की की स्नोबोर्ड : पहिली निवड कशी करावी

बर्फाच्या उतारांकडे नव्याने वळणाऱ्या माणसाच्या कानावर एक वाक्य हटकून पडते : स्कीइंग सुरुवातीला सोपे पण पुढे अवघड, आणि स्नोबोर्डिंग सुरुवातीला अवघड पण पुढे सोपे. हे वाक्य खोटे नाही. मात्र निवड करण्याच्या कामी ते फारसे उपयोगी पडत नाही, कारण शिकणाऱ्याच्या हाताशी किती दिवस आहेत आणि त्याचे शरीर कसे आहे, याची त्यात दखलच नसते. ज्याला चार दिवस बर्फावर काढून परतायचे आहे आणि ज्याला दर हिवाळ्यात पुन्हा यायचे आहे, त्या दोघांना एकच उत्तर लागू पडणार नाही. म्हणून दोहोंत चांगले कोणते हा वाद बाजूला ठेवून, आपले पहिले तीन दिवस कसे जाणार आहेत आणि ते तसे गेलेले आपल्याला चालणार आहे का, हे आधी स्वतःला विचारावे.

दोन्हींतला मूळ फरक पायांच्या बांधणीत आहे. स्कीइंगमध्ये प्रत्येक पायाला स्वतंत्र स्की असते, चेहरा प्रवासाच्या दिशेला असतो, हातांत दोन काठ्या असतात आणि एक पाय चुकला तर दुसरा सावरून घेऊ शकतो. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात, खांदा पुढे करून जावे लागते आणि तोल सांभाळण्याचे सगळे काम फळीच्या दोन लांब कडांपैकी एकीवर, म्हणजे टाचांकडच्या किंवा चवड्यांकडच्या कडेवर, येऊन पडते. पुढचे बहुतेक सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

स्कीवरचा पहिला दिवस साधारणपणे असा जातो. कडक बुटांत चालण्याची सवय करण्यात थोडा वेळ मोडतो, मग जवळजवळ सपाट जागेवर एका स्कीवर आणि नंतर दोन्हींवर घसरण्याचा सराव होतो, आणि त्यानंतर पाचरीसारखी मुद्रा शिकवली जाते. स्कींची पुढची टोके जवळ ठेवून मागचे भाग फाकवले की आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग आवरतो. त्याच मुद्रेत उजव्या पायावर भार वाढवला की डावीकडे वळता येते आणि डाव्या पायावर वाढवला की उजवीकडे. सौम्य उतारावरून स्वतःच्या मर्जीने थांबत-वळत खाली येणे बहुतेकांना एक-दोन दिवसांत जमते. १९९० च्या दशकात मध्ये निमुळत्या आणि दोन्ही टोकांना रुंद अशा स्की प्रचारात आल्यापासून वळणे आणखी सोपे झाले आहे, कारण कडेवर कलली की अशी स्की स्वतःच वळणाच्या रेषेत जाऊ लागते. खरी अडचण पुढे येते. पाचर सोडून दोन्ही स्की समांतर ठेवून वळण्यापर्यंतचा टप्पा लांबलचक असतो, आणि उतार तीव्र झाला की भीतीने मागे रेलण्याची खोड लागते. ती वेळीच मोडली नाही, तर माणूस वर्षानुवर्षे त्याच पायरीवर अडकून राहतो.

स्नोबोर्डवरचा पहिला दिवस बव्हंशी बसण्यात, उठण्यात आणि पडण्यात जातो, आणि तसे होणे हे अपयशाचे लक्षण नव्हे. आधी फक्त पुढचा पाय बांधून फळी ओढत चालणे, मग टाचांकडच्या कडेवर उभे राहून आडवे घसरणे, मग तेच तोंड डोंगराकडे करून चवड्यांकडच्या कडेवर करणे, असा क्रम असतो. उताराच्या बाजूची कड चुकून बर्फात रुतली की फळी जागच्या जागी थांबते आणि शरीर मात्र पुढे फेकले जाते. तोंड खाली दरीकडे असेल तर माणूस हातांवर आणि गुडघ्यांवर आपटतो. तोंड डोंगराकडे असेल तर पाठीवर, आणि कधी कधी डोक्यावर. हा धक्का पूर्वसूचना न देता बसतो, त्यामुळे थकलेल्या शिकाऊ माणसाचा धीर त्यानेच सर्वांत जास्त खचतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्याचे तंत्र, म्हणजेच वळण, साधायला अनेकांना दोन ते चार दिवस लागतात. ते साधल्यावर मात्र प्रगती झपाट्याने होते, कारण पाया असलेली हालचाल तीच राहते आणि उतारागणिक नवे तंत्र शिकावे लागत नाही.

यावरून दिवसांचा हिशेब मांडता येतो. एकूण दोन-तीनच दिवस असतील आणि त्या दिवसांत डोंगरावर थोडे फिरायचेही असेल, तर स्कीइंग निवडावे. स्नोबोर्ड घेतल्यास फिरण्याची वेळ येईपर्यंत परतीची वेळ झालेली असते. आठवडाभर सलग मिळत असेल किंवा पुढच्या हंगामातही येणे नक्की असेल, तर वेळेचा मुद्दा जवळजवळ गळून पडतो आणि मनाचा ओढा निर्णायक ठरू द्यायला हरकत नाही. पहिल्या दिवशी माकडहाड शेकून निघाले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी हसत उभे राहणाऱ्यांपैकी आपण आहोत का, याचेही प्रामाणिक उत्तर शोधावे.

यानंतरचा प्रश्न शरीराचा, आणि माझ्या मते त्याचा विचार लोक फार कमी करतात. दोन्ही खेळांत दुखापती होतात, पण त्यांच्या जागा वेगळ्या आहेत. स्कीइंगमध्ये सर्वांत मोठी चिंता गुडघ्याची असते. स्की हा लांब दांडा असल्यामुळे ती वळली की तिचा पीळ थेट गुडघ्यावर येतो, आणि एसीएल या नावाने ओळखला जाणारा गुडघ्यातील अस्थिबंध त्यात फाटू शकतो. मागे रेलून जवळजवळ बसलेल्या अवस्थेत, खालच्या बाजूच्या स्कीची मागची आतली कड बर्फात अडकून पाय आत पिळला जाणे, हे त्याचे एक परिचित कारण आहे. म्हणून पडू लागल्यावर हट्टाने तोल सावरण्यापेक्षा बाजूला पडणे आणि घसरणे पूर्ण थांबेपर्यंत उठण्याचा प्रयत्न न करणे शहाणपणाचे. काठी हातात असताना पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंधही दुखावतो.

स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकत्र बांधलेले असल्याने गुडघ्याला तसा पीळ सहसा बसत नाही, पण पडताना हात आपोआप पुढे जातात आणि मनगट मोडते. नवशिक्यांमध्ये ही दुखापत विशेष आढळते. मनगटाचे संरक्षक पट्टे घातल्याने हा धोका कमी होतो, तेव्हा स्नोबोर्ड शिकायला जाणाऱ्याने ते पहिल्या तासापासूनच घालावेत. पुढे पडताना मुठी मिटून कोपरापासूनचा हात आणि गुडघे एकदम टेकवावेत. मागे पडताना हनुवटी छातीला लावून, हात न टेकता, पाठीवर लोळण घ्यावी. ज्यांच्या गुडघ्याचा अस्थिबंध पूर्वी दुखावला आहे त्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाला विचारून स्नोबोर्डचा विचार करावा. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, किंवा ज्यांचा व्यवसाय हातांच्या नाजूक कामावर चालतो, त्यांना स्कीच बरी. हेल्मेट दोन्हींत सारखेच आवश्यक आहे.

स्कीचे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, ठरावीक जोर आल्यावर बूट सोडून देते, आणि पायाची बरीचशी सुरक्षा त्यावर अवलंबून असते. हा जोर वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्याची पातळी पाहून ठरवला जातो. भाड्याने सामान देणारा माणूस ही माहिती विचारतो तेव्हा संकोचाने वजन कमी सांगितल्यास बाइंडिंग भलत्या वेळी सुटते, आणि फुशारकीने कौशल्य वाढवून सांगितल्यास सुटायला हवे तेव्हा सुटत नाही. स्नोबोर्डचे नेहमीचे बाइंडिंग पडताना सुटतच नाही. ते हाताने उघडावे लागते.

पाठ आखडलेल्या व्यक्तीने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्नोबोर्डवाला उतारावर वर नेणाऱ्या लिफ्टमधून उतरल्यावर दर वेळी बर्फात बसून किंवा वाकून मागचा पाय बांधतो, आणि दिवसभरात हे अनेकदा घडते. पाय दाबताच आपोआप अडकणारी बाइंडिंगे आता मिळतात, पण शिकाऊंसाठी भाड्याने मिळणाऱ्या सामानात ती असतीलच असे नाही. उलट बुटांच्या बाबतीत स्नोबोर्डवाला सुखी असतो, कारण त्याचे बूट मऊ असतात आणि त्यांत सहज चालता येते. स्कीचे बूट कडक प्लॅस्टिकचे असतात, नडगीला आवळतात, आणि त्यांत जिना उतरणे ही वेगळीच कसरत असते.

जिथे जायचे आहे तिथला नकाशा निवडीपूर्वी पाहावा, आणि तो पाहताना उतारांची अवघडता दाखवणाऱ्या रंगांइतकेच लक्ष लिफ्टच्या प्रकारांकडे द्यावे. नवशिक्यांच्या उतारावर सरकता पट्टा किंवा चेअरलिफ्ट असेल तर दोघांनाही फारसा फरक पडत नाही. परंतु जमिनीवरून ओढत नेणाऱ्या टी-बारसारख्या लिफ्ट असतील तर स्नोबोर्ड शिकणाऱ्याचे हाल होतात, कारण एकच पाय बांधून, आडव्या फळीवर, एका बाजूने ओढले जात वर जाणे हे खाली येण्याहूनही कठीण असते. लांब सपाट जोडरस्त्यांचेही तसेच आहे. स्कीवाला काठ्या टेकत किंवा स्केटिंगसारखे पाय टाकत पुढे जातो. स्नोबोर्डवाल्याचा वेग संपला की एक पाय सोडून ढकलत किंवा फळी काखोटीला मारून चालत जावे लागते. यात नवल नाही. स्नोबोर्डचा पूर्वज मानला जाणारा ‘स्नर्फर’ शर्मन पॉपेन यांनी अमेरिकेतील मिशिगनमध्ये १९६५ साली बनवला आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९९८ साली नागानो येथे आला, तर कित्येक डोंगरांवरची वाट-आखणी त्याआधीच स्कीवाल्यांना डोळ्यांसमोर ठेवून झालेली होती. अमेरिकेतील युटा राज्यातील अल्टा आणि डिअर व्हॅली, तसेच व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन या ठिकाणी तर स्नोबोर्डला परवानगीच नाही.

बर्फाचा पोतही पाहावा. गोठून टणक झालेल्या उतारावर दोन स्कींच्या कडा अधिक भरवशाच्या वाटतात, आणि अशा बर्फावर पहिल्यांदा स्नोबोर्ड शिकणे म्हणजे हाडांची परीक्षा. उंचवट्यांनी भरलेल्या उतारावरही स्कीच चपळ ठरते. याउलट ताज्या, खोल, भुसभुशीत बर्फात रुंद फळी सहज तरंगते. शिकण्यासाठी मऊ पण दाबून सपाट केलेला बर्फ दोघांनाही उत्तम. स्नोबोर्डचा मनसुबा असेल आणि पहाटे सगळे गोठलेले असेल, तर ऊन चढेपर्यंत धडा पुढे ढकलता येतो का, हे प्रशिक्षकाला विचारावे.

आधीच्या खेळांचा फायदा होतो, पण लोक समजतात तेवढा नाही. बर्फावरचे किंवा चाकांचे स्केटिंग केलेल्याला स्कीवर एका पायावरून दुसऱ्या पायावर भार नेणे लवकर उमगते. स्केटबोर्ड किंवा सर्फिंग केलेल्याला आडवे उभे राहणे परके वाटत नाही, मात्र त्या खेळांत पाय मोकळे असतात आणि येथे ते बांधलेले असतात, तेव्हा पडण्याची रीत नव्यानेच शिकावी लागते. लहान मुलांना तीन-चार वर्षांपासून स्कीवर उभे करतात. स्नोबोर्ड थोडे उशिरा, धड आणि पाय यांच्यावर मुलाचा ताबा आल्यावर, सुरू केलेले बरे. सोबतीचा मुद्दाही क्षुल्लक नाही. बरोबरचे सगळे स्कीवर असतील, तर सपाट रस्त्यावर मागे पडणारा आणि प्रत्येक लिफ्टपाशी पाय बांधत बसणारा एकटा स्नोबोर्डवाला दुपारपर्यंत कंटाळून जातो.

निवड झाल्यावर सामान घेताना घाई करू नये. स्कीचा बूट घालून ताठ उभे राहिल्यास बोटांचा पुढे निसटता स्पर्श व्हावा आणि गुडघे वाकवून नडगी पुढे रेटल्यास बोटे किंचित मागे सरावीत. टाच वर उचलली जात असेल तर तो बूट मोठा आहे. मोजे एकच जोड घालावेत, कारण दोन जोडांनी ऊब वाढत नाही, सुरकुत्या मात्र पडतात आणि रक्तप्रवाह अडतो. शिकणाऱ्याने हनुवटीच्या आसपास पोहोचणारी, लवचीक स्की मागावी. स्नोबोर्डसाठी आधी कोणता पाय पुढे हे ठरवावे लागते : गुळगुळीत फरशीवर मोजे घालून धावत येऊन घसरताना जो पाय आपसूक पुढे जातो, तो बहुधा योग्य असतो. डावा पुढे असल्यास त्याला ‘रेग्युलर’ आणि उजवा असल्यास ‘गूफी’ म्हणतात, आणि यात चांगले-वाईट काही नाही. पाय मोठे असतील तर रुंद फळी मागावी, नाहीतर बुटाची टोके वळणावर बर्फाला घासतात.

उतारावर पुढे असलेल्या माणसाचा हक्क पहिला, आणि मागून येणाऱ्याने आपली वाट त्याला धोका होणार नाही अशी निवडायची, हा आंतरराष्ट्रीय स्की आणि स्नोबोर्ड महासंघाच्या आचारनियमांतील महत्त्वाचा नियम स्कीवाल्यांना आणि स्नोबोर्डवाल्यांना सारखाच लागू आहे. आडवे उभे राहिल्यामुळे स्नोबोर्डवाल्याला पाठीमागची बाजू दिसत नाही, म्हणून त्याने वळण्यापूर्वी मान वळवून पाहण्याची सवय पहिल्याच धड्यात लावून घ्यावी.

एवढे करूनही मन ठरत नसेल, तर अर्धा दिवस स्की आणि अर्धा दिवस स्नोबोर्ड असा तोडगा काढू नये; त्यात दोन्हींचा फक्त त्रासाचा भाग वाट्याला येतो आणि गंमत सुरू होण्याआधीच सामान परत करावे लागते. एकाची निवड करून त्याला सलग तीन दिवस आणि प्रशिक्षकासह निदान दोन धडे द्यावेत. नंतर दुसऱ्याकडे वळता येतेच; कडेवर भार टाकणे, वेग आवरणे आणि उतार वाचणे या गोष्टी सोबत येतात. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेत्स्का यांनी तर २०१८ च्या प्यांगचांग ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगच्या सुपर-जीमध्ये आणि स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलममध्ये, अशी दोन्हींत सुवर्णपदके जिंकली. मात्र दुसऱ्या खेळाच्या पहिल्या दिवशी पुन्हा नवशिक्यांच्याच उतारावर जावे, कारण पहिल्या खेळाने वेगाची भीती घालवलेली असते आणि थांबण्याचे तंत्र अजून आलेले नसते.