परदेशातील उन्हाळी अभ्यासक्रमात शहर कसे अभ्यासावे: नागपूरच्या वास्तुकला विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

वास्तुकलेच्या पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्याला उन्हाळी अभ्यासक्रमासाठी परदेशात जायचे असेल, तर तिसऱ्या वर्षानंतरचा उन्हाळा मला सर्वांत योग्य वाटतो. तोपर्यंत मेझर्ड ड्रॉइंगचा, म्हणजे प्रत्यक्ष मापे घेऊन चित्र काढण्याचा, हात बसलेला असतो, छेद (इमारत किंवा रस्ता उभा कापला तर दिसेल ते चित्र) पाहून इमारतीच्या आत काय घडत असेल याचा अंदाज बांधता येतो, आणि प्रबंधाचा विषय अजून ठरलेला नसल्यामुळे तिकडे पाहिलेल्या गोष्टींना पुढे वाट मिळते. तीन-चार आठवड्यांत परदेशी शहर समजत नाही. एक रस्ता मात्र समजू शकतो, आणि तो नीट समजायचा असेल तर त्याच पद्धतीने आधी नागपुरातील एक रस्ता मोजलेला असला पाहिजे. पुढील बहुतेक सूचना याच एका मुद्द्यावर उभ्या आहेत.

अभ्यासक्रम निवडताना माहितीपत्रकातील छायाचित्रांपेक्षा वेळापत्रक वाचावे. काही उन्हाळी शाळा मुख्यतः संगणकीय रचना आणि यंत्रांच्या साहाय्याने घटक बनवण्यावर भर देतात. बार्सिलोनातील आयएएसी या वास्तुकला संस्थेची उन्हाळी शाळा या प्रकारातली आहे. लंडनमधील आर्किटेक्चरल असोसिएशनसारख्या संस्था स्टुडिओ पद्धतीने एखाद्या प्रश्नावर काम करून घेतात. काही अभ्यासक्रम तर केवळ प्रसिद्ध इमारतींचे सहलीवजा दर्शन घडवतात, आणि तीन आठवड्यांत पाच शहरे दाखवण्याचे आश्वासन देतात. नगरजीवन हा आपला विषय असेल तर हा शेवटचा प्रकार टाळावा. आठवड्यातील किती तास वर्गाबाहेर आहेत, एकाच शहरात सलग किती दिवस राहायचे आहे, काम कोण तपासणार आहे आणि शेवटी ज्यूरी (परीक्षकांसमोर कामाची मांडणी) होणार आहे की केवळ हजेरीचे प्रमाणपत्र मिळणार आहे, हे चार प्रश्न ईमेलने विचारावेत. उत्तर मोघम आले तर दुसरा अभ्यासक्रम शोधावा.

तारखांची अडचण मात्र खरी आहे. युरोपातील उन्हाळी सत्रे जून ते ऑगस्टमध्ये असतात, तर आपले नवे सत्र साधारणतः जुलैच्या आसपास सुरू होते. त्यामुळे जूनमध्ये संपणारा अभ्यासक्रम पाहावा, किंवा विभागप्रमुखांशी जानेवारीतच बोलून हजेरीविषयी लेखी परवानगी घ्यावी. तोंडी होकारावर विमानाचे तिकीट काढू नये.

शहराची निवड आपल्या प्रश्नावरून करावी. भूखंड पाडून केलेल्या वसाहती, म्हणजे आपण ज्यांना लेआउट म्हणतो त्या, समजून घ्यायच्या असतील तर बार्सिलोनाइतके शिकवणारे शहर दुसरे नाही, असे माझे मत आहे. अभियंता इल्देफोन्स सेर्दा यांनी १८५९ मध्ये आखलेल्या एशाम्प्ला या विस्तारात सुमारे ११३ मीटर बाजूचे चौरस गट, सर्वसाधारणपणे २० मीटर रुंद रस्ते आणि प्रत्येक गटाचे तिरके कापलेले कोपरे आहेत. मूळ कल्पनेत गटाच्या मोजक्याच बाजूंना इमारती आणि आत बाग होती. पुढे चारही बाजू बांधल्या गेल्या आणि आतल्या जागाही भरल्या गेल्या. नियोजनाचा नकाशा आणि जमिनीच्या किमती यांची ही ओढाताण नागपूर सुधार प्रन्यासाच्या वसाहतींत वाढलेल्या विद्यार्थ्याला परकी वाटणार नाही. २०१६ पासून तेथे नऊ-नऊ गटांचा एक मोठा गट मानून आतील रस्त्यांवरून बाहेरची वाहतूक वळवण्याचे प्रयोग सुरू झाले. ते पोब्लेनोऊ भागात पाहता येतात.

सामूहिक गृहनिर्माणात रस असेल तर व्हिएन्ना घ्यावे. तेथील कार्ल मार्क्स होफ ही वास्तुविशारद कार्ल एन यांची १९३० मध्ये पूर्ण झालेली नगरपालिकेची वसाहत एक किलोमीटरहून अधिक लांब आहे, आणि तिच्या अंगणांतून बालवाड्या व सामायिक धुलाईघरे होती. पायी चालण्याचा विषय असेल तर कोपनहेगन. तेथील स्ट्रॉएट हा मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्ये वाहनांसाठी बंद झाला, आणि वास्तुविशारद यान गेल यांनी लोक कुठे थांबतात, कुठे बसतात हे मोजण्याची जी पद्धत रूढ केली ती या शहरात घडली. रोमविषयी पुढे लिहिले आहे.

आता नागपुरातील तयारी. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या दृष्टीने हीच सर्वांत महत्त्वाची आहे. फेब्रुवारीपासून दोन रस्ते निवडावेत: एक महाल किंवा इतवारीतील जुनी गल्ली आणि एक धरमपेठ किंवा रामदासपेठेतील आखीव रस्ता. प्रत्येकाचा शंभर मीटरचा तुकडा पुरेसा आहे. त्याचा आराखडा १:२०० आणि किमान दोन छेद १:५० या प्रमाणात काढावेत. छेदात केवळ भिंती नकोत. ओटा, पायऱ्या, दुकानाचा बाहेर आलेला फळा, छज्जा, गॅलरी, विजेच्या तारा, आणि उन्हाळ्यात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला कूलर हे सर्व मापासह यायला हवे. अरुंद गल्लीत कूलर किती जागा अडवतो आणि त्याखाली कोण उभे राहते, हे आपल्या शहराच्या वास्तुकलेचेच प्रश्न आहेत, आणि ते कोणत्याही परदेशी अभ्यासक्रमात आपसूक शिकवले जाणार नाहीत.

त्यानंतर माणसे मोजावीत. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ अशा वेळांना दहा-दहा मिनिटे एका ठरावीक रेषेवरून जाणाऱ्यांची नोंद करावी, आणि लगेच आराखड्याच्या प्रतीवर थांबलेल्या प्रत्येक माणसाची जागा ठिपक्याने दाखवावी: उभा, टेकलेला, बसलेला, विकणारा, वाट पाहणारा. एकच वार धरू नये. आठवडी बाजाराचा दिवस आणि साधा दिवस यांत तोच रस्ता दोन निराळे रस्ते असतो. कस्तुरचंद पार्क एखाद्या दुपारी पाहिले तर ओस वाटेल, आणि दीक्षाभूमीच्या परिसराची खरी क्षमता धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीखेरीज कळणारच नाही. परदेशातील चौकाविषयीही हेच लक्षात ठेवावे, आणि तेथे पोहोचताच बाजाराचे व उत्सवाचे वार विचारून घ्यावेत.

तिसरी नोंद सावलीची. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. त्या वेळी उभी भिंत रस्त्याला सावली देत नाही. देतात ती झाडे, छज्जे, ताडपत्री आणि उन्हाळ्यात सिग्नलवर बांधलेली हिरवी जाळी. बार्सिलोना ४१ अंशांवर आहे, तेथे २१ जूनलाही सूर्य सुमारे ७२ अंशांपर्यंतच चढतो, आणि ५५ अंशांच्या पुढे असलेल्या कोपनहेगनमध्ये तो ५८ अंशांच्या आतच राहतो. त्यामुळे तेथे इमारतीची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचे गुणोत्तर सावली ठरवते, आणि कोपनहेगनमध्ये तर लोक सावली सोडून उन्हाची बाजू धरून बसतात. आपला सावलीचा नकाशा आणि तेथील नकाशा एकाच पद्धतीने काढले, तर बसण्याची जागा कशी निवडली जाते याचे उत्तर दोन्हीकडे हवामानातूनच मिळते, पण उलट्या दिशेने. एक तांत्रिक खबरदारी आवश्यक आहे: घड्याळातील बारा म्हणजे सूर्याचे बारा नव्हेत. नागपुरात सूर्य साधारण सव्वाबाराच्या आसपास माथ्यावर येतो, तर बार्सिलोनात जूनमध्ये घड्याळात जवळजवळ दोन वाजलेले असतात. तुलना सूर्याच्या वेळेनुसार करावी.

रोमला जाणाऱ्यांनी आणखी एक सराव करावा. जांबात्तिस्ता नोल्ली यांनी १७४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोमच्या नकाशात खासगी इमारती गडद दाखवल्या आहेत, आणि रस्ते व चौकांबरोबर चर्चचे अंतर्भागही पांढरे सोडले आहेत. लोकांना जेथवर जाता येते तेथवर शहर, असा त्याचा अर्थ. महालातील गल्लीचा असाच नकाशा बटर पेपरवर काढून पाहावा. देवळाचा सभामंडप पांढरा राहील यात शंका नाही, पण वाड्याचा बाहेरचा चौक कोणत्या रंगात दाखवायचा? दुकान बंद झाल्यावर ज्या ओट्यावर शेजारी गप्पा मारत बसतात, तो रात्री पांढरा आणि दिवसा गडद होतो का? अशा जागांसाठी वेळेनुसार दोन नकाशे काढण्याची कल्पना घेऊन विद्यार्थी रोमला गेला, तर शिक्षकांनाही तिच्यात रस वाटेल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. स्पेन, इटली, ऑस्ट्रिया आणि डेन्मार्क हे चारही देश शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) असल्यामुळे तीन-चार आठवड्यांसाठी अल्पमुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या फार तर ६ महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो; पण उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून शेवटच्या पंधरवड्यावर विसंबू नये. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि गेल्या १० वर्षांत काढलेला असावा, त्यात दोन कोरी पाने असावीत, आणि वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा असावा. महाविद्यालयाचे बोनाफाइड, एनओसी (ना-हरकत पत्र), प्रवेशपत्र, राहण्याचा पुरावा आणि पालकांची बँक विवरणपत्रे एकाच क्रमाने लावावीत. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईला जावे लागेल असे धरूनच तारखा आखाव्यात. ब्रिटनचा व्हिसा वेगळा असतो. शुल्कात विमानप्रवास, विमा, शहरातील वाहतूक आणि जेवण बहुधा धरलेले नसते, तेव्हा घरी आईबाबांसमोर पूर्ण खर्चाचा कागद ठेवावा.

सामानात ए५ आकाराची दोन स्केचबुके, न पसरणाऱ्या शाईची पेने, पाच मीटरचा टेप आणि बटर पेपर असावा. लेझर मापक असल्यास उत्तम, मात्र स्वतःचे पाऊल किती सेंटिमीटरचे पडते हे नागपुरातच मोजून ठेवावे, कारण गर्दीच्या चौकात टेप उलगडणे नेहमी शक्य नसते.

तेथे पोहोचल्यावर पहिले दोन दिवस निवडीसाठी ठेवावेत. प्रसिद्ध इमारत पाहावी, अवश्य पाहावी, पण अभ्यासाचा तुकडा तिच्यापासून दूर, जेथे स्थानिक लोक भाजी, औषधे आणि पाव घेतात अशा ठिकाणी निवडावा. पर्यटकांच्या रस्त्यावर केलेली मोजणी पर्यटनाविषयीच सांगते. ऑगस्टमध्ये तर दक्षिण युरोपातील अनेक रहिवासी सुट्टीवर जातात आणि मोहल्ल्यातील दुकाने बंद असतात. त्या काळातील रिकामा रस्ता हा आराखड्याचा दोष समजू नये. व्हिएन्नात रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, हेही मोजणीच्या तक्त्यावर लिहून ठेवावे. जूनमध्ये रात्री नऊला तेथे उजेड असतो, त्यामुळे नागपूरच्या रात्री नऊच्या नोंदीशी थेट तुलना करताना ही बाब टीपेत यायला हवी.

दररोज एकच जागा पाहण्याचा कंटाळा येईल, आणि सहाध्यायी रेल्वेने दुसऱ्या शहरांकडे निघतील. एखादा शनिवार-रविवार त्यांच्याबरोबर जरूर जावे, परंतु आपल्या रस्त्याच्या चार वेळांच्या नोंदी किमान दोन साध्या दिवशी आणि एका सुट्टीच्या दिवशी पूर्ण करूनच. चौथ्या-पाचव्या भेटीनंतर दुकानदार ओळखू लागतात. तेव्हा त्यांना साधे प्रश्न विचारावेत: सामान कोणत्या वेळी उतरते, कचरा कोण नेते, वरच्या मजल्यावर कोण राहते, भाडे वाढले का. बार्सिलोनाच्या तिरक्या कोपऱ्यांवर सामान उतरवणाऱ्या गाड्या का थांबतात, हे नकाशापेक्षा अशा संभाषणातून लवकर उलगडते. तिथल्या भाषेतील नमस्कार, आभार आणि परवानगी विचारण्याची वाक्ये पाठ असावीत. लहान मुलांची छायाचित्रे काढू नयेत, मोठ्यांची विचारून काढावीत. मोजणीला तर छायाचित्रांची गरजच नसते, ठिपके पुरतात. शक्य तितके चित्र जागेवरच पूर्ण करावे, कारण खोलीवर आठवणीने काढलेल्या छेदात पायरीची उंची हमखास चुकते.

परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सर्व नोंदी तारीख, वेळ आणि हवामानासह टंकून घ्याव्यात. त्यानंतर नागपूरचा आणि तेथील छेद एकाच शीटवर, एकाच प्रमाणात, एकाच रेषाजाडीत मांडावेत, आणि सावलीचे नकाशे त्यांच्या खाली लावावेत. तेथील रस्ता श्रेष्ठ आणि आपला सदोष अशी मांडणी करू नये. मापे शेजारी असली की फरक पाहणाऱ्याला दिसतात. प्रमाणपत्र, गुणपत्रक आणि अभ्यासक्रमाचा तासनिहाय तपशील यांच्या प्रती विभागाकडे सत्राच्या सुरुवातीलाच द्याव्यात, म्हणजे श्रेयांक मिळण्याची सोय असल्यास ती कागदाअभावी हुकणार नाही. पोर्टफोलिओत या कामाला चार पानांपेक्षा अधिक जागा देऊ नये, आणि त्यातील पहिले पान नागपूरच्या छेदाचे असावे.