ब्रिटनला गेलेल्या डॉक्टरांच्या नोंदी शोधताना या चुका टाळा

घराण्यातले कोणी डॉक्टर ब्रिटनमध्ये स्थायिक झाले असतील, तर त्यांचा माग काढणारे बहुतेक जण आधी स्थलांतराची फाइल शोधू लागतात आणि तिथेच अडतात. अशी फाइल बहुधा तयारच झालेली नसते. १९६२चा राष्ट्रकुल स्थलांतर कायदा येईपर्यंत भारतातून येणाऱ्यांवर प्रवेशाचे निर्बंध नव्हते. शिवाय १९४९पूर्वी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजनच मानला जात असल्यामुळे त्याला नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचे कारणही नव्हते.

माणूस सापडतो तो त्याच्या व्यवसायातून. १८५९पासून छापल्या गेलेल्या मेडिकल रजिस्टरमध्ये, म्हणजे ब्रिटनमधल्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या अधिकृत यादीत, नाव, पत्ता, नोंदणीची तारीख आणि पदव्या एकाच ओळीत मिळतात. मात्र मुख्य यादीत नाव नाही म्हणून शोध सोडू नये. केवळ मुंबई विद्यापीठाच्या पदवीवर नोंदणी झालेले डॉक्टर जुन्या खंडांत ‘कलोनियल लिस्ट’ या वसाहतींतल्या पदव्यांच्या स्वतंत्र यादीत असतात, तर स्कॉटलंडमधल्या एडिंबरा-ग्लासगोची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले मुख्य यादीत येतात. ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी कितीतरी ‘हरवलेली’ माणसे हाती लागतात.

नावाच्या बाबतीत तर फार सावध राहावे लागते. आडनावातल्या ‘क’साठी कुठे ‘के’ तर कुठे ‘सी’, ‘ऊ’साठी कुठे ‘यू’ तर कुठे दोन ‘ओ’ लिहिलेले आढळतात आणि वडिलांचे नाव क्वचित आडनावाच्या जागी जाऊन बसते. लंडनला शिकलेल्या डॉ. रखमाबाईंना आज आपण ‘राऊत’ या आडनावाने ओळखतो, पण त्या काळच्या इंग्रजी कागदांत त्या बहुधा नुसत्या ‘रखमाबाई’ असतात. म्हणून नावापेक्षा पदवी आणि तिचे वर्ष यांवर भर द्यावा आणि ते मुंबईतल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या यादीशी ताडून पाहावे.

लंडनमधल्या क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १८७८ ते १९६० या काळातल्या, ब्रिटनमध्ये उतरलेल्या बोटींच्या प्रवाशांच्या याद्या आहेत. मात्र मुंबईहून निघालेले कित्येक प्रवासी फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात उतरून पुढे रेल्वेने जात, त्यामुळे त्यांची नावे या यादीत येत नाहीत. विमानाने गेलेल्यांचीही नसतात.

वैद्यकीय नियतकालिकांतले मृत्युलेख मोलाचे आहेत, परंतु ते आठवणींवरून लिहिलेले असल्याने त्यांतली प्रत्येक तारीख रजिस्टरवरून तपासून मगच वंशावळीत लिहावी.