सिक्युरिटी कन्सल्टिंगमध्ये उतरताय? या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजी घरं उदंड. अपशिंग्याला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’च म्हणतात. पेन्शन सुरू झाली की ‘सिक्युरिटीतच काहीतरी बघू’ हे ठरलेलं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. गार्ड पुरवणं हा एक धंदा; त्याला २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखाली परवाना लागतो. सल्लागाराचं काम वेगळं. पैसा कुठून गळतोय, कारखाना कशानं बंद पडेल, हे त्यानं शोधायचं. दोन्ही एकाच ठिकाणी करू नका. आपल्याच गार्डांच्या चुका आपणच कशा काढणार?

माझं पहिलं काम सांगलीजवळच्या कुपवाडच्या एका कारखान्यात. दोन दिवस मी कंपाउंडची भिंत, गेट आणि लाइटच बघत बसलो. फौजेतली सवयच तशी, शत्रू बाहेरून येतो. इकडे माल गेटमधूनच, पावतीसकट जात होता. भंगाराचा ट्रक रिकामा वजनाला यायचा तेव्हा पाण्याची टाकी भरलेली आणि केबिनमध्ये दोन हमाल. भरून निघताना टाकी रिकामी, हमाल उतरलेले. म्हणजे तेवढे किलो भंगार दर खेपेला फुकट. हे मला स्टोअरकीपरनं चहा पिताना सांगितलं. आता मी भिंतीकडे सगळ्यात शेवटी जातो. आधी वजनकाटा, गेटपासची फाइल आणि तिसरी पाळी सुटतानाची वेळ.

कॅमेऱ्यांचं विचाराल तर किती आहेत ते मोजू नका, मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग मागा. हार्डडिस्क भरली की जुनं पुसलं जातं. चोरी महिनाअखेरच्या स्टॉकमध्ये कळते, तोवर काहीच उरलेलं नसतं. डीव्हीआरचं, म्हणजे रेकॉर्डिंगच्या यंत्राचं, घड्याळही गेटच्या रजिस्टरशी ताडून बघा. आणि कॅमेरेवाल्याकडून कमिशन घेऊ नका. एमआयडीसीत अशी बातमी चहाच्या टपरीवर तुमच्या आधी पोचते.

सगळ्यात महागात पडते ती नेटवरची रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांची तयार यादी, उचलण्याची सवय. बॉम्बच्या धमकीला दोन पानं, पुराला एक ओळ. अरे, आपण सांगलीत आहोत! कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ‘कुपवाड उंचावर आहे, आम्हाला काय होतंय’ असं मालक म्हणतात. पण ऑपरेटर सांगलीवाडीत राहतो, ट्रान्सपोर्टवाल्याचं गोडाऊन नदीकडं, हायवे बंद. मशीन कोरडी, कारखाना बंद. म्हणून योजनेत पातळीनुसार काम लिहा: ३५ फुटांना कुणाला फोन, ४० ला कोणता माल हलवायचा, किल्ली कुणाकडे.

अहवाल कपाटात पडून राहत असेल तर तो पुन्हा काढून बघा. साठ पानं, धोक्याच्या तक्त्यातले सगळे चौकोन लाल, रुपयाचा आकडा कुठेच नाही, असंच असणार. पहिल्या पानावर फक्त तीन गोष्टी ठेवा, त्यातली एक बिनखर्चाची. मी वरच्या त्या कारखान्यात ‘रिकाम्या ट्रकचं वजन टाकी तपासून, केबिन रिकामी करूनच घ्यावं’ एवढंच लिहिलं, तेव्हा मालकांनी तिथल्या तिथे काट्यावरच्या माणसाला बोलावून घेतलं.

आयएसओ ३१००० (जोखीम व्यवस्थापनाचं मानक), सीपीपीची (सुरक्षा व्यावसायिकांच्या प्रमाणपत्राची) परीक्षा, हे जरूर करा. पण आधी चार रात्री काट्यावर काढा.