रेकॉर्ड्स जमवताय? खानदेशात या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडची तरुण मुलं पुन्हा रेकॉर्ड्स घेऊ लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण उन्हाळा लागला की फोन सुरू होतात आणि तक्रारी ठरलेल्या असतात. काका, सुई घसरते. काका, गाणं हेलकावे खातं. काका, पुसली तर रेकॉर्डच खराब झाली. दहातल्या नऊ वेळा रेकॉर्ड चांगली असते, घेणाऱ्याची घाई नडलेली असते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

ऊन

आपल्याकडे लोक धुळीला घाबरतात. धूळ पुसता येते. उन्हानं वाकलेली रेकॉर्ड पुसून सरळ होत नाही.

एलपी, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरणारी मोठी रेकॉर्ड, पीव्हीसी प्लास्टिकची असते आणि साधारण ६० अंशांच्या पुढेमागे ती नरम पडू लागते. मे हिटमध्ये भुसावळ-जळगावला सावलीतच पारा ४४-४५ वर असतो. अशा दिवशी काचा लावून उभी केलेली गाडी तासाभरात साठी गाठते. पत्र्याखालच्या माळ्यावर दुपारी हात टेकवत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रेकॉर्डची पेटी मागच्या सीटवर ठेवताना कोणाला आठवत नाही.

अमळनेरच्या एका ओळखीच्या मुलाला नाशिकच्या एका घरातून पेटीभर एलपी मिळाल्या. शास्त्रीय संगीताच्या, जपून वापरलेल्या, आतल्या कागदी पिशव्याही शाबूत. घर आवरायला काढलेल्या आजींनी त्या जवळजवळ तशाच दिल्या, नीट सांभाळ एवढंच सांगितलं. एप्रिलचे शेवटचे दिवस होते. येताना तो धुळ्याला मावशीकडे जेवायला थांबला. मावशीनं आग्रह केला, जेवण झालं, मग कूलरसमोर डोळा लागला. पेटी गाडीत खिडकीलगत, आतल्या एलपी एका बाजूला झुकलेल्या, आणि बाहेर खानदेशची दुपार.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन माझ्याकडे आला. पहिली एलपी लावली. तिची एक कड भाजलेल्या पापडासारखी उचललेली होती. प्रत्येक फेऱ्याला सुई धरणारा आर्म त्या उंचवट्यावर चढायचा, पलीकडे धपकन उतरायचा, आणि तानपुऱ्याचा षड्ज चढायचा, उतरायचा. खिडकीकडच्या सगळ्या तशाच निघाल्या. पेटीच्या दुसऱ्या टोकाच्या, पुठ्ठ्याला टेकून सरळ उभ्या राहिलेल्या, तेवढ्या वाचल्या.

मी त्याला सांगितलं होतं की थोडा बाक असलेल्या वाजतील तशा वाजव, बाकीच्यांना हात लावू नकोस. त्याला धीर निघाला नाही. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्यानं दोन जाड काचांमध्ये एलपी दाबल्या आणि गच्चीवर उन्हात ठेवल्या. दिसायला सरळ झाल्या. पण नरम पडलेल्या चऱ्या, म्हणजे सुई जिथून फिरते त्या बारीक खाचा, काचेखाली दबल्या, आणि आता त्या एलपीतून गाण्याआधी खरखर ऐकू येते. ‘तासात सरळ करा’ असं सांगणाऱ्या उपायांचा मला संताप येतो तो यामुळे. रेकॉर्डच्या चरीत जे कोरलेलं असतं ते केसापेक्षा बारीक असतं. त्यावर उष्णता आणि वजन एकदम टाकणं म्हणजे उरलंसुरलंही घालवणं.

माझी रीत साधी आहे. होळीपासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मी रेकॉर्ड्सचा प्रवास टाळतो. आणायच्याच असतील तर पहाटे निघतो, पेटी पुढच्या सीटखाली पायाशी उभी ठेवतो, आणि मी गाडीतून उतरलो की पेटीही उतरते. मग चहाला थांबायचं असलं तरी. घरात त्या खालच्या मजल्यावर, मधल्या खोलीत, मावळतीची भिंत सोडून. गावाकडच्या धाब्याच्या घरांतून मला पन्नास वर्षांच्या सरळ रेकॉर्ड्स मिळाल्या आहेत, आणि शहरातल्या वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून दोन उन्हाळ्यांत वाकलेल्या. मातीचं छत काय करतं ते यावरून समजतं.

कूलरचा झोत मात्र कपाटावर येऊ देऊ नका. ओलसर हवेनं कव्हरं फुगतात आणि आत पांढरी बुरशी धरते.

एलपी आडव्या थप्पीत रचू नका. उभ्या ठेवा, अगदी सरळ, ना सैल ना कोंबून. कव्हरसकट शंभर एलपी म्हणजे पंचवीस किलोच्या घरातलं वजन होतं, तेव्हा फळी मजबूत पाहिजे.

आर्मवर ठेवलेलं नाणं

हे बघितलं की मी वाजवणं थांबवतो. सुई घसरते म्हणून आर्मच्या डोक्यावर रुपयाचं नाणं चिकटवतात. घसरणं थांबतं, हे खरं. पण रुपयाचं नाणं तीन ते पावणेचार ग्रॅमचं असतं. चांगल्या मॅग्नेटिक कार्ट्रिजला (सुई बसवलेला, तिची थरथर विजेत बदलणारा भाग) दीड ते अडीच ग्रॅम भार लागतो. म्हणजे नाणं ठेवल्यावर सुई दुपटी-तिपटीनं दाबून चरीतून ओढली जाते. वरचे बारीक स्वर आधी जातात: सारंगीची धार, झांजेची किणकिण. ऐकणाऱ्याला पंधरा-वीस वेळा वाजवल्यावर वाटतं, रेकॉर्डच जुनी आहे. ती जुनी नसते, त्यानं स्वतः झिजवलेली असते.

सुई घसरण्याची कारणं मोजकीच असतात आणि ती क्रमानं बघावी लागतात. आधी प्लेअर सपाट आहे का. शहाबादी फरशीवर ठेवलेलं टेबलही कधी कधी कललेलं असतं; गवंड्याची पाणसळ प्लेटवर ठेवून बघा. मग सुईच्या टोकाला कापसाचा गोळा अडकलाय का. आपल्याकडे सरकीच्या हंगामात हवेतला कापूस घरात येतो, तो चरीतून गोळा होऊन सुईवर बसतो. मऊ ब्रशनं मागून पुढे, एकाच दिशेनं काढायचा. बोटानं कधीच नाही. मग आर्मच्या मागच्या वजनानं भार बरोबर लावलाय का ते बघायचं. भार मोजायचा छोटा डिजिटल काटा आता स्वस्तात मिळतो. प्लेअर घेतलाय आणि काटा घेतला नाही, हे मला पटत नाही. एवढं करूनही त्याच जागी घसरली तरच ओरखड्याचा संशय घ्या.

कुणी विचारतं, जुन्या एचएमव्ही फिएस्टाचं काय? त्यात सिरॅमिक कार्ट्रिज असतं, त्याला मुळातच जास्त भार लागतो. आठवणीसाठी फिएस्टा जरूर ठेवा, चालू ठेवा. पण चांगल्या एलपी त्यावर रोज वाजवू नका. आणि सुटकेससारखे नवे स्वस्त प्लेअर येतात, ज्यात भार बदलायची सोयच नसते, त्यांच्यापासून लांब राहा. त्या पैशात थोडी भर घालून भार लावता येणारा वापरलेला टर्नटेबल मिळतो. दोन महिने थांबावं लागेल. थांबा.

लाखेची रेकॉर्ड आणि स्पिरिट

७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, बहुतेक जुन्या रेकॉर्ड्स लाखेच्या आहेत. जड, ठिसूळ, हातातून पडली की तुकडे. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तरी लोक स्पिरिटनं, सॅनिटायझरनं पुसतात. मी समोर बघितलंय: पांढरा कापूस पहिल्याच फेऱ्यात काळा झाला, पुसणाऱ्याला वाटलं मळ निघतोय, म्हणून त्यानं आणखी जोरानं पुसलं. कापसाला लागलेला तो रंग रेकॉर्डचाच होता. गाण्याची पहिली दोन मिनिटं गेली.

घोळ होतो तो गाण्याच्या काळावरून. लोकांना वाटतं, १९६० च्या दशकातलं गाणं म्हणजे प्लास्टिकचीच रेकॉर्ड. बाकी जगात ७८ मागे पडली तेव्हाही कलकत्त्याच्या डमडम कारखान्यात ती निघत होती. गाण्याचं साल बघू नका. लेबलवरचा वेग बघा, वजन हातात घेऊन बघा, आणि शंका असेल तर लाखेची समजूनच वागा.

माझं पाणी एकच: बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड वॉटर, वाटीभर, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब. मायक्रोफायबरचं फडकं ओलं करून, चरीच्या दिशेनं, लेबलला पाणी न लागू देता. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्यानं एक फेरी, आणि सावलीत उभी करून वाळवणं. लाखेची असेल तर भिजत ठेवायची नाही, लगेच टिपायची. आपल्या बोअरच्या पाण्यानं धुऊ नका. ते वाळलं की क्षार चरीत राहतात आणि कायमची टकटक लागते. खोबरेल तेल, फर्निचरचं पॉलिश, आरसे पुसायचा स्प्रे, काहीही नको. बाजारात एखादी तबकडी जास्तच चमकत असेल तर बोट फिरवून बघा, तेल हाताला लागतं.

७८ साठी सुईही वेगळी. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन, ७८ च्या सुईची ७५ च्या आसपास. बारीक सुई रुंद चरीच्या तळाशी लोळते आणि नुसती खरखर देते. उलट, चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली तर पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचा शंभर ग्रॅमहून जास्त भार तिला एकाच वाजवण्यात संपवतो. चावीच्या मशीनची पोलादी पिन दर बाजूला बदलायची असते, हेही बरेच जण विसरतात.

घेताना

कव्हर बघून पैसे देऊ नका. रेकॉर्ड बाहेर काढा, आत तीच आहे का ते वाचा, मग खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरा. केसासारखे बारीक ओरखडे नुसते दिसत असतील तर चालतात. नखाला लागणारा ओरखडा वाजणारच. मधल्या भोकाभोवती लेबलवर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल तर ती खूप वाजलेली आहे. विकणारा हे करू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

किलोवर घेऊ नका. पन्नास नको असलेल्या रेकॉर्ड्स घरात आल्या की हव्या असलेल्या पाचांचीही निगा होत नाही.

पितळी भोंग्याचे चकचकीत ‘जुने’ ग्रामोफोन बहुतेक नव्यानं जुळवलेले असतात. शोभेला घ्या, ऐकायला नको.

मराठी भावगीतं, नाट्यगीतं आवडत असतील तर सात इंची ईपीपासून सुरुवात करा. ४५ च्या वेगाच्या, सहसा एलपीपेक्षा स्वस्त, आणि हात बसायला उत्तम.

आवाजाच्या तक्रारी

आवाज बारीक, पातळ, खालचे सूर गायब: मॅग्नेटिक कार्ट्रिज थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये लावलंय, मध्ये फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) हवा. आवाज फाटतो आणि फार मोठा येतो: प्लेअरमधला प्रीअँप चालू आहे आणि अँप्लिफायरचाही, दोन्हीतला एक बंद करा. सतत घूं असा आवाज: अर्थची बारीक तार सुटलीय.

सगळी गाणी रडक्या चालीत, हळू: बेल्ट सैल झालाय किंवा खालून घसरतोय. पण प्लेअर अमेरिकेतून आणलेला असेल तर आधी मागची पाटी वाचा. ११० व्होल्टचा प्लेअर आपल्या २३० वर थेट लावला तर जळतो. ट्रान्सफॉर्मर लावून जळणं टळतं, वेग सुधारत नाही, कारण तिकडची वीज ६० हर्ट्झची आणि आपली ५० ची. एसी मोटर त्या हर्ट्झवरच फिरते, आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या जागी एलपी अठ्ठावीसच्या आसपास फिरू लागते. त्याला ५० हर्ट्झची पुली मिळवावी लागते किंवा प्लेअर बदलावा लागतो. डीसी मोटर असेल तर ही अडचण नाही, योग्य अ‍ॅडाप्टर लावला की झालं. म्हणून भाचा तिकडून आणतो म्हणाला तर त्याला आधी मोटर कोणती ते विचारायला सांगा.