एकट्याचा रोजचा स्वयंपाक: कमी खर्चात, ताजा आणि पोटभर

नोकरीसाठी पुण्या-मुंबईत खोली घेऊन राहणारी मुलंमुली, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, बदलीच्या गावी एकटे राहणारे, जोडीदार गेल्यावर घरात एकटे उरलेले वडीलधारे, या सगळ्यांची स्वयंपाकघरातली अडचण सारखीच असते. घरात शिकलेलं माप चौघांचं असतं. एकासाठी किती आणि कसं रांधायचं, हे सहसा कोणी शिकवत नाही. मग अर्धा कोबी पिवळा पडतो, कोथिंबिरीची जुडी काळी होते, दोन दिवस तीच भाजी खाऊन जीव विटतो आणि तिसऱ्या दिवशी बाहेरून जेवण मागवलं जातं. एकट्याचे पैसे जास्त करून इथेच जातात.

यावर उपाय सोपा आहे. कोरडा साठा महिन्याचा ठेवा, भाजी दोन दिवसांपुरतीच आणा आणि एकदा शिजवलेल्या डाळीतून किंवा कडधान्यातून दोन-तीन निराळी जेवणं काढा. रोज नव्याने करायची ती फक्त फोडणी. हे जमलं की ऑफिसातून दमून आल्यावरही अर्ध्या तासात गरम ताट तयार होतं.

आधी भांडी

एकट्याला भांडी मोजकीच लागतात, पण ती लहान हवीत. दोन किंवा तीन लिटरचा कुकर घ्या आणि त्यात एकावर एक दोन लहान डबे बसतात का, ते दुकानातच बघा. एक लोखंडी तवा, एक छोटी लोखंडी कढई, फोडणीचं कढलं, एक झाकणाचं पातेलं आणि आमटीची एक ठरलेली वाटी पुरे. या लेखातली सगळी मापं त्या वाटीची आहेत. मोठ्या कढईत अर्ध्या वाटीचं पिठलं केलं तर ते कडेनेच सुकून जातं, आणि मोठी कढई दिसली की हात आपोआप जास्त घालतो.

इंडक्शन शेगडी असेल तर भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटतं का ते तपासा. अॅल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापत नाही. गॅस हवा असेल आणि भाड्याच्या खोलीमुळे पत्त्याचा पुरावा नसेल, तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. इंडियन ऑइलचा तसा सिलिंडर ‘छोटू’ नावाने विकला जातो.

महिन्याचा कोरडा साठा

एका माणसाला महिन्याला साधारण दोन किलो तांदूळ, अर्धा किलो तूरडाळ, पाव किलो मूगडाळ, अर्धा किलो मटकी किंवा मूग, पाव किलो अख्खा मसूर, अर्धा किलो बेसन, अर्धा किलो जाड पोहे, पाव किलो रवा, अर्धा किलो शेंगदाणे, अर्धा किलो गूळ आणि लिटरभर तेल लागतं. कणीक किंवा ज्वारीचं पीठ किती, ते तुम्ही पोळ्या-भाकरी स्वतः करता का यावर ठरवा. ज्वारी-बाजरीचं पीठ जुनं झालं की कडवट होतं आणि भाकरी थापताना तुटते, म्हणून ते किलोच्या वर आणू नका. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट आईकडून आलं तर उत्तमच, नाहीतर बचत गटाच्या दुकानातून पाव-पाव किलो घ्या. ही दोन पिठं एकट्या माणसाचा मोठा आधार आहेत.

मोठ्या पाकिटांवरची सूट बघून पाच किलो डाळ भरू नका. पावसाळ्यात तिला कीड लागते आणि वाचलेले पैसे त्यातच जातात.

पोळ्यांबद्दल एक सांगते. तीन पोळ्यांसाठी कणीक मळा, लाटा, भाजा, मग ओटा पुसा, हे रोज जमत नसेल तर मन खाऊ देऊ नका. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या आणा आणि भाजी-आमटी घरी करा. खर्चाचा मोठा भाग तयार भाजी आणि डाळ विकत घेण्यात असतो, पोळीत नव्हे.

सुट्टीच्या दिवशी अर्धा तास

आठवड्यातून एकदा हे करून ठेवा. पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, सालं पाखडून जाडसर कूट करा आणि घट्ट डब्यात भरा. हा कूट भाजीला दाटपणा देतो, कोशिंबिरीला चव देतो, आणि काहीच नसेल तेव्हा त्यात तिखट, मीठ, दही घातलं की तोंडीलावणं होतं. मिरच्यांची देठं काढून कोरड्या डब्यात कागदावर ठेवा. देठाशीच मिरची आधी सडते. कोथिंबीर न धुता निवडून कागदात गुंडाळा. कढीपत्ता जास्त आला असेल तर सावलीत वाळवून ठेवा. लसणाच्या पंधरा-वीस पाकळ्या सोलून ठेवल्या की आठवडाभर सकाळची घाई कमी होते.

एक डाळ, तीन जेवणं

आता मुख्य गोष्ट. अर्धी वाटी तूरडाळ धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या तळाशी पाणी घाला आणि खालच्या डब्यात डाळ, हळद, हिंग आणि दीड वाटी पाणी घाला. वरच्या डब्यात अर्धी वाटी तांदूळ आणि एक वाटी पाणी घाला. जागा असेल तर डब्याच्या कडेने एक बटाटा सोडा. चार शिट्ट्या घ्या आणि वाफ आपोआप जिरू द्या. एकाच आचेवर तिन्ही शिजतं.

पहिल्या रात्री यातली तिसरा हिस्सा डाळ घोटून मीठ आणि गुळाचा खडा घालून गोडं वरण करा. भात, वरण, चमचाभर तूप, लिंबाची फोड, बरोबर लोणचं किंवा पापड. उरलेली डाळ मीठ-मसाला न घालता गार करून फ्रिजमध्ये ठेवा. ती साधी राहिली तरच पुढे तिचं निराळं काही करता येतं.

दुसऱ्या दिवशी आमटी. कढल्यात दोन चमचे तेल तापवा, मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग हिंग, हळद, कढीपत्ता. ही फोडणी डाळीवर ओता, पाणी, गोडा मसाला, आमसूल, गूळ, मीठ घालून चांगली उकळा. शेवग्याची एक शेंग किंवा अर्धं वांगं घातलं की वेगळ्या भाजीची गरज उरत नाही.

तिसऱ्या दिवशी वरणफळं करा. कुठे त्यांना चकोल्या म्हणतात. एकट्या माणसासाठी याहून चांगलं एका भांड्यातलं जेवण मला माहीत नाही. पाऊण वाटी कणकेत हळद, तिखट, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट मळा. लसूण-मिरचीची फोडणी करून तीत उरलेली डाळ आणि तीन वाट्या पाणी घाला आणि ही आमटी नेहमीपेक्षा पातळच ठेवा, कारण फळं पाणी पितात. कणकेची मोठी पोळी लाटून शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापा. आमटी खळखळा उकळत असतानाच एकेक तुकडा सोडा. एकदम टाकले तर त्यांचा गोळा होतो. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटांत फळं शिजतात. तुकडा मोडून बघा, मधे पांढरी रेघ दिसली तर अजून दोन मिनिटं ठेवा. वरून तूप आणि कोथिंबीर, आणि लगेच जेवायला बसा.

कडधान्याचाही असाच क्रम लावा. अर्धी वाटी मटकी सकाळी भिजत घाला, रात्री निथळून ओल्या फडक्यात बांधा. उन्हाळ्यात सकाळपर्यंत मोड येतात, थंडीत आणखी काही तास लागतात. निम्म्या मटकीची उसळ करा. शिजवताना पातेल्यावर पाण्याची ताटली ठेवा आणि तेच गरम झालेलं पाणी लागेल तसं उसळीत घाला. उरलेली मोडाची मटकी दुसऱ्या दिवशी वाफवून कांदा, टोमॅटो, लिंबू घालून खा, किंवा तिखट रस्सा करून वर फरसाण घाला, की मिसळ झाली. भिजवायचं विसरलं तर अख्खा मसूर काढा. तो न भिजवताही कुकरमध्ये नीट शिजतो.

पिठलं: भाजी नसेल त्या दिवसासाठी

पिठल्याला पंधरा मिनिटं लागतात आणि बाजारात जावं लागत नाही, म्हणून ते हातात बसलंच पाहिजे. अर्धी वाटी बेसनात आधी अर्धी वाटीच पाणी घालून गुठळ्या मोडा, मग आणखी एक वाटी पाणी घालून सरसरीत करा. सगळं पाणी एकदम ओतलं की गुठळ्या सुटत नाहीत. कढईत फोडणी करून ठेचलेला लसूण, मिरची, कढीपत्ता आणि एक कांदा बारीक चिरून परता. कांदा पारदर्शक झाला की आच कमी करा, एका हाताने बेसन ओता आणि दुसऱ्या हाताने हलवत राहा. मीठ घाला. ते फदफदायला लागलं की झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं सोडा. कच्चा वास गेला आणि पिठल्याला वरून चकाकी आली की झालं. कढईच्या तळाची खरपुडी खरवडून घ्या, ती टाकायची नाही. दह्यात किंवा ताकात बेसन कालवलं तर चव पूर्ण बदलते.

बरोबर भाकरी, कच्चा कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी येत नसेल तर गरम भातावरही पिठलं सुरेख लागतं.

भाजी आणताना

पाव किलोपेक्षा कमी मागायला संकोच वाटतो, तो सोडा. दोन वांगी, एक दोडका, शेवग्याच्या दोन शेंगा, चार टोमॅटो अशी सुटी भाजी बहुतेक भाजीवाल्या मावशी आनंदाने देतात. संध्याकाळी बाजार उठताना काही ठिकाणी वाटे स्वस्त होतात, पण ती भाजी त्याच रात्री करायची असेल तरच घ्या. कोबी, फ्लॉवर, लाल भोपळा यांची फोड मिळत असेल तरच आणा.

पालेभाजीची जुडी मात्र पूर्णच घ्यावी लागते. तिचे आणल्या दिवशीच दोन भाग करा. निम्म्या मेथीची लसूण घालून भाजी, उरलेली बारीक चिरून दुसऱ्या दिवशी थालीपिठात. एक वाटी भाजणीत मेथी, कांदा, तिखट, हळद, मीठ घालून सैलसर मळा, ओल्या फडक्यावर थापा, मधे भोकं पाडा, तव्यावर तेल सोडून झाकण ठेवून भाजा. दोन मध्यम थालीपिठं होतात, म्हणजे एकाचं जेवण.

दोडका एकट्याला फार परवडतो. गराची मूगडाळ घालून भाजी होते आणि शिरा खरवडून त्यांची चटणी. त्या शिरा थोड्या तेलात कुरकुरीत होईपर्यंत परता, त्यात तीळ, किसलेलं सुकं खोबरं, लसूण, तिखट, मीठ घालून भाजा आणि हाताने चुरा. चार दिवस तोंडीलावणं मिळतं.

मधल्या वेळेचं खाणं

संध्याकाळी सहाची भूक सांभाळली नाही तर वडापाव आणि बिस्किटांवर जो खर्च होतो, तो महिन्याअखेरी लक्षात येतो. अर्ध्या किलो जाड पोह्यांत सात-आठ बशा होतात, त्यामुळे कांदेपोहे घरीच करा. पोहे चाळणीत धुऊन दहा मिनिटं झाकून ठेवा, पाण्यात भिजत ठेवू नका. गॅस पेटवायचा नसेल तर दहीपोहे. फुटाणे, शेंगदाणे-गूळ, ज्वारीच्या लाह्या, उकडलेलं रताळं हे डब्यात नेता येतं. चुरमुऱ्यांना तेल, लसूण, शेंगदाणे, तिखटाची फोडणी दिली की भडंग होतं आणि हवाबंद डब्यात आठवडाभर टिकतं. अंडी खात असाल तर सकाळी दोन उकडून ठेवा. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि त्या भावात इतकं पोटभरीचं दुसरं काही सहसा मिळत नाही.

उरलेलं कसं सांभाळायचं

उरलेल्या पोळीचा कुस्करा करा: कांदा, शेंगदाणे, मिरचीच्या फोडणीत पोळीचा चुरा घालून पाण्याचा हबका मारा आणि दोन मिनिटं वाफ द्या. उरलेल्या भाताबद्दल मात्र जागरूक राहा. भात जास्त वेळ बाहेर राहिला तर त्यात काही जिवाणू वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. भात तासा-दोन तासांत गार करून फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशीच फोडणीचा भात करा आणि वाफ येईपर्यंत गरम करून खा.

फ्रिज नसेल तर वरचा डाळीचा क्रम उन्हाळ्यात चालणार नाही. तेव्हा पाव वाटीच डाळ शिजवा, आणि मूगडाळ घ्या, ती उघड्या पातेल्यातही लवकर शिजते. भात एका वेळचाच लावा. मोडाचं कडधान्य त्याच दिवशी संपवा. पिठलं, थालीपीठ, धिरडी, पोहे, मुगाची खिचडी हे सगळं लागेल तेवढंच करता येतं, म्हणून फ्रिज नसलेल्या खोलीत आठवडा यांच्यावरच बेता.

आणि अंगात ताप असेल किंवा काहीही करायचं त्राण नसेल, त्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवा. पाव वाटी तांदूळ, चमचाभर मूगडाळ, दीड वाटी पाणी, मीठ, कुकरच्या पाच शिट्ट्या. मऊ भात ताटलीत घ्या, वर दोन चमचे मेतकूट, चमचाभर तूप, आणि गरम असतानाच खा.